पाच महिने झाले, अजून घोडीवर बसलेला नाही!

प्रश्न : मॅडम, मी चौलजवळ राहतो. नागावच्या किनाऱ्यावर माझे दोन घोडे आणि एक घोडागाडी चालते. मुलगा 19 वर्षांचा, एफवायबीकॉमला आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून तीन वर्षांची म्हणून एक घोडी आणली, चांदणी. तेव्हापासून कॉलेज सोडल्यात जमा. दिवसभर तिच्याभोवती असतो, पण पाच महिने झाले, अजून तिच्यावर बसलेला नाही! मे महिन्याचा सीझन फुकट गेला, आता दिवाळीच्या सुट्टीत तरी तिच्यावर पर्यटक बसवायचेत. माझ्या मेव्हण्याने चार दिवसांत घोडं सवारीला काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलगा म्हणतो, घोडे तयार करण्याचंच काम करणार. कोकणात यात कसलं करिअर? की तो घाबरतो आणि वेळ काढतो? व्हिडिओ पाठवतोय, बघा कसा टाइमपास चालतो.
— एक पालक

उत्तर :

नमस्कार. व्हिडिओ चार वेळा बघितला. तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलात, पण मला त्यात वेगळंच दिसलं, ते आधी सांगते.

वाडीत चांदणी उभी आहे. बांधलेली नाही. दोर मुलाच्या डाव्या हातात, तोही सैल. उजव्या हातात घडी घातलेलं गोणपाट. तो ते तिच्या खांद्याला लावतो. ती मान वर करते, कान मागे, माशी बसल्यासारखी पाठीची कातडी थरथरते. मुलगा गोणपाट काढून घेत नाही, पुढेही रेटत नाही. लावलेलं तिथेच राहू देतो. दहा-बारा सेकंद जातात. तिचा एक कान त्याच्याकडे वळतो, मान खाली येते, ती ओठ चाटते. त्याच क्षणी तो गोणपाट काढतो आणि दोन पावलं मागे सरकतो. मग पुन्हा तेच. आठव्या वेळेला गोणपाट तिच्या पाठीवर आहे आणि ती मागचा एक पाय ढिला सोडून डुलकी काढल्यासारखी उभी आहे. मागून तुमचा आवाज येतो, "झालं का तुझं नाटक?"

दादा, ते नाटक नव्हतं. घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. ती बिचकली तेव्हाच गोणपाट काढलं असतं तर ती शिकली असती की बिचकलं की सुटका होते. ती शांत झाल्यावर काढलं, म्हणून ती उलट शिकली. हा एका सेकंदाचा फरक पुष्कळ जुन्याजाणत्यांनाही साधत नाही. खात्री करून घ्यावी म्हणून पुण्यात घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी तो व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : "पोरगा मोकळा आहे का? पावसाळ्यात पाठवा."

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, तो घाबरत नाही. घाबरणारा मुलगा घोडीच्या जवळ जात नाही, किंवा एकदा डोळे मिटून उडी मारतो आणि लोकांना दाखवून मोकळा होतो.

आता मेव्हण्यांचे चार दिवस. चार दिवसांत घोडं सवारीला निघतं, यात शंका नाही. माझ्या काकांनी असंच एक आठ दिवसांत काढलं होतं, भुसभुशीत वाळूत दमवून दमवून. दिसायला गरीब झालं. पण तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की ते श्वास कोंडून छाती फुगवायचं, आणि दहा पावलं गेलं की तंग सैल. काका हसायचे, लबाड आहे म्हणायचे. ते लबाड नव्हतं, पहिल्या दिवशी तंग कचकन आवळला होता तो त्याच्या लक्षात होता. एका संध्याकाळी मोटारसायकलचा फटफट आवाज झाला, घोडं बाजूला उडालं, सैल खोगीर पोटाखाली गेलं आणि काका गळपट्टीचं हाड मोडून घेऊन घरी आले. घोडं पुढच्या आठवड्यात विकलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि आमच्या घरात दोष घोड्यालाच दिला गेला.

घोड्याचं शरीर पळून वाचणाऱ्या जनावराचं आहे. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं नाही. पाठीवर अचानक पडणारं ओझं म्हणजे त्याच्या लेखी वाघ. म्हणून आधी हात, मग गोणपाट, मग खोगीर, मग सैल तंग, मग एकेक भोक घट्ट, मग माणसाने नुसतं पोटावर आडवं पडून उतरायचं, आणि मग कधीतरी मांड. मधल्या काळात लांब दोरीवर गोल फिरवणं, थांब-चल हे शब्द, चारही पाय उचलून देणं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तुम्ही "दिवसभर" म्हणता त्यातला बराच वेळ खरारा (अंग घासणं), लीद आणि दाणावैरणीत जात असणार. तेही कामच आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार.

चांदणीचं वय मात्र पुन्हा तपासा. यात्रेतल्या वयावर विसंबू नका. पुढच्या दातांतले मधले दोन पक्के आणि शेजारचे अजून दुधाचे असतील तर ती अडीच ते साडेतीनच्या मधली. शेजारची जोडी साडेतीनच्या सुमारास बदलते, कडेची साडेचारला. हे का महत्त्वाचं? पायांची हाडं लवकर पक्की होतात, पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच-सहा वर्षांपर्यंत. तुम्ही म्हणाल, रेसचे घोडे दोन वर्षांचे असताना धावतात. धावतात, पण त्यांच्यावर पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी दीड-दोन मिनिटं असतो, आणि त्या कोवळ्या वयात पाय गमावणारे घोडेही असतात. तुमच्याकडे शनिवारी सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत वडापाव खाऊन आलेले पाहुणे बसणार.

एक हिशेब घरी करा. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून घ्या. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची, ती अपुरी पडेल. सुतळीने घ्या आणि मग सुतळी सेंटिमीटरमध्ये मोजा. लांबी खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. येईल ते साधारण किलोतलं वजन. समजा घेर 155 आणि लांबी 140 आली, तर घोडी 283 किलोच्या आसपास. पूर्ण वाढ झालेल्या, कसलेल्या घोड्यालाही त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं देऊ नये असं मानतात. म्हणजे खोगिरासकट 56-57 किलो. चांदणी तर अजून कच्ची आहे.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावर पर्यटक बसवायचा बेत सोडून द्या. हे मी करिअर सल्लागार म्हणून सांगते आहे, प्राणिमित्र म्हणून नव्हे. मुलाच्या हातात उद्या दाखवायला कागद नसेल, ही घोडी असेल. ती बिघडली तर त्याची पहिली ओळखच बिघडली. मुलाचं स्वतःचं वजन त्या हिशेबात बसत असेल, आणि पशुवैद्यांनी पाठ-पाय-दात बघून हो म्हटलं, तर नारळी पौर्णिमेनंतर त्याने दहा मिनिटं, फक्त चालीवर, ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवरून जावं. कोरड्या वाळूत नको, पायांच्या शिरा ताणतात. गणपतीतले ताशे, वाळूत फिरणाऱ्या एटीव्ही गाड्यांची घरघर, केळ्याच्या आकाराच्या त्या बोटीवरची किंचाळी, उडणारी प्लॅस्टिकची पिशवी, हे सगळं तिला लांबून, चारा खाता खाता, आधीच ओळखीचं व्हायला हवं. चारा मात्र वाळूवर टाकू नका, घमेल्यात द्या. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेली वाळू आतच साठते आणि पोटशूळ उठतो. शंका आली तर लीद पाण्यात कालवून बघा, वाळू तळाशी बसते.

बरं, करिअर. "कोकणात कसलं" असं चौलच्या माणसाने विचारावं याची मला गंमत वाटली. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन उतरला तो तुमच्याच चौलच्या बंदरात. अरबी घोडे समुद्रावरून आणायचे आणि घाटावर विकायचे, हा या किनाऱ्याचा जुना धंदा. निकितिनचा घोडा पुढे जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला होता, तेव्हा धंद्यातली जोखीमही जुनीच. आणि तुमचा मुलगा जे करू बघतो त्याला आपल्या भाषेत शब्दसुद्धा आहे, चाबूकस्वार. नव्या घोड्याला सवारीचं वळण लावणारा. आता तो आडनावापुरता उरलाय.

आजची कामं कुठे आहेत? पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म (घोड्यांची पैदास होते ते), पुणे-मुंबईकडच्या रायडिंग स्कूल, महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स. जॉकीचा विचार करू नका. व्हिडिओत तुमचा मुलगा पडवीच्या वाशाला डोकं लागू नये म्हणून वाकतो, त्या उंचीला ते वजन जमणार नाही. सैन्यातही घोडा आहे : जयपूरची 61 कॅव्हलरी ही घोडदळाची तुकडी आणि मेरठला केंद्र असलेली, सैन्याची जनावरं सांभाळणारी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर. पण भरती झाल्यावर घोडाच वाट्याला येईल याची हमी कोणी देत नाही, म्हणून फक्त घोड्यासाठी त्या वाटेने जाऊ नये. पशुवैद्यक व्हायचं तर बारावीला जीवशास्त्र आणि 'नीट' ही प्रवेशपरीक्षा लागते. वाणिज्य शाखेतून ती वाट बंद. 2023 च्या आशियाई खेळांत आपल्या चार स्वारांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकाराचं सांघिक सुवर्ण आणलं, त्यातला एक मुंबईचा. मुलाने ते क्लिप दाखवले असतील. बघू दे, पण त्या पातळीच्या खेळामागे युरोपातली वर्षानुवर्षांची तयारी आणि तेवढा पैसा असतो. आपला तो रस्ता नाही, हे आत्ताच बोलून टाकलेलं बरं.

आपला रस्ता खालून सुरू होतो, सईसाच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याच्या कामापासून, आणि तिथला सुरुवातीचा पगार ऐकून तुम्ही नाक मुरडाल. मेमधल्या एखाद्या शनिवार-रविवारच्या गल्ल्याशी तो ताडू नका. त्या दोन-तीन वर्षांत तो तुमच्या दोन घोड्यांऐवजी तीस-चाळीस घोडे हाताळेल. प्रत्येक घोड्याची खोड वेगळी, आणि हे काम त्या संख्येतूनच येतं. तिथेच त्याने नालबंदी शिकावी असा माझा आग्रह राहील. नाल दर सहा-आठ आठवड्यांनी काढून खूर कापावे लागतात, घोडा कामावर असो नसो. आपल्या किनाऱ्यावर चांगला नालबंद हवा असला की किती फोन करावे लागतात ते तुम्हालाच ठाऊक. घोडे वळण लावायला येतील तेव्हा येतील, पण नालबंदाच्या पोटाला काम आहे.

हंगामाचं गणित तर तुमच्या बाजूचं आहे, आणि ते मुलाच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनारा ओस, आणि पुण्याचा रेसचा हंगाम जुलैत सुरू होतो. मुंबईचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे तुमच्याकडे काम नसतं तेव्हा घाटावर असतं. वर ज्या गृहस्थांचा उल्लेख केला त्यांच्याकडे मुलाने जुलै-ऑगस्टचे सहा आठवडे जावं. राहण्याची सोय, कामाचे तास, पडल्या-झडल्याचा विमा, हे तुम्ही स्वतः फोनवर विचारून घ्या. हेल्मेट घरचं न्यायचं, त्यात काटकसर नको. दोघांनीही धनुर्वाताचं इंजेक्शन बघून ठेवा, मुलाने आणि चांदणीनेही; घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. तो पुण्याला असताना चांदणीला सुट्टी. तुम्ही नुसतं दोरीवर चालवा आणि खरारा करा. मेव्हण्यांना त्या सहा आठवड्यांत वाडीत फिरकू देऊ नका.

कॉलेजचं मात्र मी मुलाच्या बाजूने बोलणार नाही. बीकॉम सोडायचं नाही. हजेरी जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करता येतं. उद्या स्वतःचा तबेला टाकला तर दाणा, औषध, नाल, विमा, जीएसटी यांचा हिशेब कोण ठेवणार? शिवाय किनाऱ्यावरच्या सवाऱ्या आहेत तशाच चालू राहतील असं समजू नका. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाच्या 2015 मधल्या निकालामुळे बंद झाल्या. परवाने, तपासणी, जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा, हे सगळं आपल्या वाळूपर्यंत यायला वेळ लागणार नाही. तेव्हा कागद वाचता येणारा माणूस घरात असला पाहिजे.

मुलाला माझ्याकडून एक वही द्या. रोज रात्री चार ओळी : आज काय केलं, ती कुठे बिचकली, कधी सैल झाली, किती मिनिटं. पुण्याला जाताना ती वही आणि हा व्हिडिओ बरोबर असू दे, तोच त्याचा बायोडेटा. आणि दिवाळीत मेव्हण्यांना चांदणीवर बसायची फारच हौस आली, तर आधी त्यांना वजनकाट्यावर उभं करा.