जाताना साडेसहा तास, येताना 24?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. जूनमध्ये तिच्याकडे पहिल्यांदाच एकटी निघाले आहे. विमान मुंबईहून गुरुवारी पहाटे 1.30 ला सुटतं आणि नेवार्कला गुरुवारीच सकाळी 8 ला पोहोचतं. येताना दुपारी 12.30 ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी 12.30. हे कसं? शिवाय रक्तदाबाची गोळी रोज सकाळी 7 ला असते, ती कधी घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात नेवार्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे (हिवाळ्यात साडेदहा). जाताना हे तास मिळवा, 16 होतात. येताना वजा करा, साडेचौदा. बेरीज साडेतीस. तुमच्या साडेसहा आणि 24 ची बेरीजही तेवढीच, कारण जाताना जेवढे तास लपतात तेवढेच येताना वर दिसतात. विमान कंपनीत मार्ग आखायच्या खात्यात होतो, तेव्हा नव्या मुलांना ही पडताळणी मी आधी शिकवायचो.

आता जायला दीड तास जास्त का? वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांचा वेग कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून रात्रपाळीला हातात पहिला घ्यायचा तो वाऱ्याचा नकाशा.

अंतर म्हणाल तर जवळच्या वाटेने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीत, तर ती वाट 14 हजारांच्या वर जाते! घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क (नेवार्क त्याच्या शेजारीच) दोरा ताणून बघा. तो उत्तरेला चढून आइसलँडवरून जाईल, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून खाली उतरेल. मला हा दोरा बघायला अजूनही फार आवडतं. विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जात नाही. वारा असतो, आणि हवाई हद्दीही असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा वळसे वाढले. म्हणून समोरच्या पडद्यावर विमान वाकड्या वाटेने जाताना दिसलं तर घाबरू नका.

गोळीचं महत्त्वाचं. हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू द्या. सुटल्यावर साडेपाच तासांनी त्यात 7 वाजतील, तेव्हा विमानातच गोळी घ्या. पुढची भारतातल्या शुक्रवारी सकाळी 7 ची, म्हणजे मुलीकडे गुरुवारी रात्री 9.30 ला. तिथल्या सकाळी 8 ला उतरलात म्हणून लगेच दुसरी घेऊ नका, मधे जेमतेम साडेदहा तासच झालेले असतील. ती पुन्हा सकाळवर कशी आणायची, हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्यांची पाकिटं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.