हनुवटीवरचे हट्टी मुरूम
वाचकांचे प्रश्न : त्वचा

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून हनुवटीवर आणि ओठांखाली मुरूम येतात. कपाळ आणि गाल त्यामानाने स्वच्छ आहेत. मेडिकलमधून आणलेलं एक क्रीम लावलं की चार दिवसांत बसतात, सोडलं की दुपटीने उठतात. मुलतानी माती, लिंबू, टूथपेस्ट सगळं करून झालं. सासूबाई म्हणतात, पोट साफ नाही म्हणून होतं. नक्की काय करावं?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : पोटाचा यात दोष नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य क्रीमचं आहे, म्हणून आधी ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. २०१८ पासून अशी बरीचशी क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती काउंटरवर सहज मिळतात आणि ‘रंग उजळतो’ म्हणून घराघरात फिरतात. स्टिरॉइडने लाली आणि सूज तात्पुरती दबते, म्हणून चार दिवसांत गुण आल्यासारखा वाटतो. दरम्यान त्वचा पातळ होत जाते आणि क्रीम थांबवताच दबलेलं सगळं जोराने वर येतं.

अशा क्रीमने तोंडाभोवती जे उठतं ते कित्येकदा मुरूम नसतंच. त्याला पेरिओरल डर्माटायटिस म्हणतात. ओळखायला फार अवघड नाही. सगळ्या पुटकुळ्या बारीक, लालसर आणि साधारण एकाच मापाच्या असतात, त्यांवर कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात, खाजेपेक्षा आग आणि ताण जास्त जाणवतो आणि ओठाला लागून असलेली अरुंद पट्टी मात्र स्वच्छ राहते. मुरमांमध्ये काळी-पांढरी टोकं, मध्ये पू असलेल्या पुळ्या, एखादी खोल दुखरी गाठ असं लहान-मोठं एकत्र दिसतं. काळं किंवा पांढरं टोक कुठेच नसेल, तर मुरमांची औषधं सुरू करू नका. त्यांनी आग वाढेल.

डर्माटायटिस असेल तर स्टिरॉइड बंद, आणि फेशियल, स्क्रब, जाड मॉइश्चरायझर, मेकअप हेही बंद. कोमट पाण्याने तोंड धुवायचं, बस. पहिले एक ते तीन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. बहुतेक जण नेमके इथेच घाबरून पुन्हा ट्यूब उघडतात आणि चक्र परत सुरू होतं. क्रीम कित्येक महिने रोज लावलेलं असेल तर एकदम तोडण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना विचारून कमी करत न्या. ते मेट्रोनिडाझोल किंवा अझेलाइक अ‍ॅसिडचं मलम देतात, कधी काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या.

आता खरोखरच मुरूम असतील तर. औषधाच्या दुकानातल्या पन्नास ट्यूबांपैकी कामाच्या मुख्यतः दोन : ०.१ टक्के अडापालिन जेल आणि २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड जेल. एकदा डॉक्टरांना दाखवून सुरुवात करावी, पण वापरायचं कसं ते नीट समजून घ्या, कारण बरेच उपचार वापरण्याच्या चुकीने फसतात.

आधी फक्त अडापालिन. रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवून टिपून घ्यायचं आणि १५-२० मिनिटं थांबायचं. ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल पुरतं, फक्त हनुवटी आणि तोंडाभोवतीला त्याच्या निम्मं. ओठांच्या कोपऱ्यांत आणि नाकपुडीच्या खाचेत आधी व्हॅसलिनचं बोट फिरवा, कारण तिथे जेल साचून चिरा पडतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. कोरडं पडलं तर वर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर.

तीन-चार आठवड्यांनी, त्वचा सरावली की, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचा पातळ थर. १० टक्क्यांचं जेल घेऊन लवकर गुण येत नाही, आग मात्र जास्त होते, म्हणून २.५ टक्केच मागा. हे रंग उडवतं. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरा, गणवेशाची कॉलर सांभाळा, हात धुवा.

दोन्ही जेल दिसणाऱ्या फोडावर ठिपक्यासारखी लावायची नसतात, नेहमी उठणाऱ्या सगळ्या भागावर लावायची. आज दिसणारा मुरूम रोमछिद्रात कित्येक आठवड्यांपूर्वी तयार व्हायला लागलेला असतो. याच कारणाने पहिल्या महिन्यात थोडे मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. तीन आठवड्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नुसतं क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचं (अँटिबायोटिक) जेल महिनोन्‌महिने लावणंही टाळा. जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरतात.

टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांनी फोड सुकत नाहीत, कातडी जळते. मागे राहिलेला काळा डाग फोडापेक्षा जास्त टिकतो.

एक गोष्ट आईनेच विचारायला हवी. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही ती ३५ दिवसांपेक्षा लांबते का? हनुवटीवर जाड केस येतात का? तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून संप्रेरकांची तपासणी करून घ्या. मात्र सोनोग्राफीत बारीक गाठी दिसल्या म्हणून लगेच पीसीओएसचा (बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरकांचा विकार) शिक्का मारून घेऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून ते निदान करत नाहीत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर दोन-तीन फोड येणं मात्र नेहमीचंच आहे.

प्रश्न : मी अठरा वर्षांची. रोज स्कूटीवर जाताना तोंडाला स्कार्फ गुंडाळते. जिथे स्कार्फ घट्ट बसतो नेमके तिथेच मुरूम येतात. लिपबामही लागतो.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुझा अंदाज बरोबर आहे. घाम, घर्षण आणि कोंडलेली उष्णता यांनी मुरूम वाढतात. हेल्मेटच्या पट्ट्याखालीही हेच होतं. स्कार्फ सुती आणि सैल हवा, रोज धुतलेला हवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळलेला. त्यासाठी दोन-तीन स्कार्फ आलटूनपालटून ठेव. कालचा घामेजलेला स्कार्फ डिकीतून काढून पुन्हा बांधणं बंद कर. पोचल्यावर तोंड नुसत्या पाण्याने धू. हेल्मेटचा पट्टा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पूस.

लिपबाम ओठांच्या रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस, खोबरेल तेल किंवा कोको बटर असलेला तर नाहीच. सकाळी आधी दात घास, मग तोंड धू. पेस्टचा फेस हनुवटीवर वाळला की तिथे चुरचुर होते. हनुवटीला वॅक्स करणार असशील तर अडापालिन निदान आठवडाभर आधी थांबव, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघते.

प्रश्न : वय सतरा. दाढी सुरू झाल्यापासून हनुवटीखाली फोड येतात. जिमला जातो, व्हे प्रोटीन घेतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही कारणं संभवतात. गुळगुळीत दाढीचा हट्ट सोड. ट्रिमरने एखादा मिलिमीटर केस ठेवले की टोक आत वळून रुतत नाही. वस्तरा वापरायचाच असेल तर आंघोळीनंतर, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता फिरव आणि ब्लेड वेळेवर बदल. व्हेने काही जणांचे मुरूम वाढतात, तेव्हा दोन महिने ते बंद करून बघ. प्रथिनं डाळ, अंडी, चण्यांतूनही मिळतात. जिममध्ये कुणी स्नायू वाढवायचं इंजेक्शन सुचवत असेल तर ते घेऊ नकोस. अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडने पाठभर आणि चेहराभर मोठे मुरूम उठतात, आणि तो त्यातला सगळ्यात किरकोळ त्रास.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर बारा आठवडे वाट बघू नकोस. तिथे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लागू शकतात, आणि त्या रक्त तपासून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. मुलींसाठी आणखी एक : या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा मोठा धोका असतो, त्यामुळे डॉक्टर गर्भधारणेबद्दल थेट विचारतील. लग्न झालेलं नाही म्हणून त्या प्रश्नाचा राग धरू नये. अडापालिनही गरोदरपणात वापरत नाहीत.

वरच्या ओठावरचा फोड पिळल्यावर ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज चढली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.