राजमा शिजता शिजत नाही

प्रश्न : खर्च आवरण्यासाठी डबाबंद कडधान्याऐवजी सुकं आणायला लागलो. पण राजमा दोन-दोन तास शिजवूनही कडकच राहतो. मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठीही काही सुचवा.

उत्तर : बहुधा टोमॅटो किंवा लिंबू आधीच पडत असावं. आंबटपणामुळे दाणा लवकर मऊ होत नाही; तो बोटांत सहज चिरडला जाऊ लागला की मगच आंबट घाला. एक कप राजमा चार कप पाण्यात, लहान चमचा मीठ घालून रात्रभर भिजवा. ते पाणी ओतून टाका. ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळ उकळा, मग आच मंद करा. ही उकळी कृपा करून टाळू नका : कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनाने उलट्या होतात आणि नुसत्या मंद आचेवर ते नष्ट होत नाही. एका कपाचे अडीच-तीन कप होतात. उरलेला फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे फार जुने असतील तर मात्र वेळ लागणारच.

खाऊसाठी शिजलेले हरभरे फडक्यावर अगदी कोरडे करा, चमचाभर तेल चोळून ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 30-35 मिनिटं भाजा. ओल राहिली की चिवट होतात. अगदी लहान मुलांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात. शिजलेलेच ठेचून द्या.