वाचक विचारतात : फोमवर चढवायचं काचेचं कापड

प्रश्न : घरी बांधायच्या ‘लाँग-ईझी’ विमानाच्या पद्धतीने पंखाचा सरावाचा तुकडा करतोय. काचेचं कापड भिजवायला बाजारात पॉलिएस्टर रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रव) स्वस्त आहे. ते चालेल का?

नाही. ‘लाँग-ईझी’चे रचनाकार बर्ट रुटान यांनी कॅलिफोर्नियातल्या मोहावीत १९७५ साली त्याआधीचं ‘व्हॅरीईझ’ हे छोटं विमान उडवलं. साच्याशिवाय, फोमच्या गाभ्यावर थेट काचेचं कापड चढवण्याची ही पद्धत त्यातूनच घरी विमान बांधणाऱ्यांत रुळली. पंखाचा निळा फोम पॉलिस्टायरीनचा असतो आणि पॉलिएस्टरमधलं स्टायरीन तो विरघळवून टाकतं. त्यामुळे इथे इपॉक्सी हे दुसरं रेझिनच लागतं. गरम तारेने कापायचा फोमही फक्त हाच. युरेथेन फोमला तार लावलीत तर विषारी धूर निघतो. तो सुरी आणि पॉलिशपेपरनेच घडवा.

प्रश्न : तुकडा वाळला, पण कापडाखाली पांढरे ठिपके दिसतात. दुसऱ्या दिवशी चढवलेली पट्टी तर नखानेही उचलली जाते. पुढच्या वेळी रेझिन जास्त ओतू का?

दोष दोन आहेत आणि जास्त रेझिन हा दोन्हींवर उपाय नाही. ताकद काचेच्या धाग्यांत असते, रेझिन त्यांना फक्त धरून ठेवतं. १०० ग्रॅम कापडात शेवटी ५० ते ६५ ग्रॅम रेझिन उरावं. त्यापुढचं सगळं नुसतं ओझं.

पांढरे ठिपके म्हणजे अडकलेली हवा. फोमची उघडी छिद्रं रेझिन पितात आणि कापड कोरडं राहतं. म्हणून आधी इपॉक्सी आणि काचेचे सूक्ष्म फुगे (पोकळ कणांची भुकटी) वजनाने नव्हे, तर आकारमानाने सारखे घेऊन पातळ लगदा करा आणि फोमवर खरवडून पसरा. त्यावर कोरडं कापड अंथरा आणि रेझिन खालून वर येऊ द्या. कमी पडेल तिथेच थोडं ओता. स्क्वीजी, म्हणजे रबरी पट्टी, मधल्या भागातून कडेकडे, हलक्या हाताने ओढा. जोर दिला की हवा परत आत शिरते. नीट भिजलेलं कापड सगळीकडे सारखं पारदर्शक दिसतं, वीण स्पष्ट उठते आणि विणीच्या खळग्यांत रेझिनची तळी चमकत नाहीत. तळी दिसली तर जादा रेझिन ओढून काढा.

पट्टी सुटते याचं कारण खालचा पृष्ठभाग. दमट हवेत, कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास, वाळलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, पूर्ण वाळवा, मग ४० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. धुण्याआधीच घासलंत तर तो थर ओरखड्यांत भरतो. शेवटच्या ओल्या थरावर पील प्लाय, म्हणजे पॉलिएस्टरचं साधं कापड, बसवलंत तर हे श्रम बरेच वाचतात: वाळल्यावर ते सोलून काढायचं, खाली खरखरीत पृष्ठभाग तयार.

रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाणही तपासा. इपॉक्सीच्या ब्रँडप्रमाणे ते बदलतं: एमजीएस २८५ ला वजनाने १०० भाग रेझिनला ४० भाग हार्डनर लागतं, एरोपॉक्सीला १००:२७. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवायची सवय पॉलिएस्टरवाल्यांची. इपॉक्सीत जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर कायमचा मऊ राहतो. ग्रॅमचा काटा वापरा, कपाचे तळ आणि कडा खरवडत दोन मिनिटं ढवळा. एका वेळी साधारण १५० ग्रॅमच कालवा, मोठा घाणा कपातच तापून धुरावतो. खोली २१ ते २७ अंश सेल्सिअस ठेवा.

वाळलेल्या तुकड्यावर नाण्याने टकटक करून पाहा. टणक आवाज आला तर थर बसलाय, बोदा आला तर खाली पोकळी आहे. सरावाचा तुकडा तिथे कापून आतून बघाच. उडणाऱ्या भागात मात्र किती दोष चालेल हे आराखड्यातली मर्यादाच ठरवते.

प्रश्न : पंखावर गडद निळा रंग द्यावा का?

देऊ नका. खोलीच्या तापमानाला वाळलेलं इपॉक्सी उन्हात मऊ पडू शकतं. गडद पृष्ठभाग कडक उन्हात ८० अंशांपर्यंत जातो आणि तेवढ्या उष्णतेत निळा फोमही ढिला पडतो. पंखाचा वरचा भाग पांढराच ठेवा.