सोड्यात टाकताच बारीक ट्रॅक उचलून येतात

प्रश्न : घरी पीसीबी (सर्किट बोर्ड) बनवताना तांब्यावर फोटोरेझिस्ट फिल्म (यूव्ही प्रकाशाने बदलणारी पातळ फिल्म) चिकटवून बोर्ड ३ मिनिटे यूव्ही एलईडीखाली ठेवतो. डेव्हलप करताना, म्हणजे नको असलेली फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन काढताना, बारीक ट्रॅक (सर्किटच्या रेषांवरची फिल्म) सुटून येतात. सोडा कमी घालू का?

उत्तर : सोडा मोजून घाला, अंदाजाने नको : १ लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा चालत नाही. तरीही ट्रॅक उचलत असतील तर चूक बहुधा आधीच झालेली असते.

पहिला संशय तांब्यावर. स्कॉचब्राइटने घासून धुतलेला बोर्ड तिरका धरा. पाण्याचा पातळ पडदा अखंड राहिला तर बोर्ड स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर बोटांचा तेलकटपणा अजून आहे, पुन्हा घासा. मग पूर्ण सुकवून, आतला मऊ प्लास्टिक थर काढून फिल्म लावा आणि १०० ते ११० अंशांच्या लॅमिनेटरमधून दोनतीनदा काढा.

दुसरा संशय प्रकाशावर. ही फिल्म निगेटिव्ह आहे, उजेड पडेल तिथे कडक होते. अर्धवट कडक झालेला ट्रॅक सोड्यात फुगतो आणि कडेने उचलतो. ३ मिनिटे हा आकडा दुसऱ्याच्या दिव्याचा असेल. तुमचा तुम्हीच काढा. फिल्म लावलेल्या तुकड्यावर पारदर्शक शीटवरची डिझाइनची प्रिंट ठेवून वर पुठ्ठा धरा, दर मिनिटाला तो थोडा सरकवा, ८ मिनिटांपर्यंत. डेव्हलप केल्यावर ज्या सर्वांत कमी वेळात ट्रॅक चकचकीत आणि घट्ट राहिले, तो तुमचा वेळ. प्रिंटची शाईची बाजू फिल्मला टेकलेली हवी, वर काच. नाहीतर प्रकाश कडेने आत शिरतो. नंतर बोर्ड १५ मिनिटे अंधारात ठेवा. वरचा पारदर्शक थर डेव्हलपिंगच्या आधी काढायचा, हे विसरणारे कमी नाहीत!

प्रश्न : माझे उलटे, दोन ट्रॅकमधली फिल्म निघतच नाही.

उत्तर : प्रिंट उजेडासमोर धरा. काळा भाग करडा दिसला तर त्यातून प्रकाश जातो, म्हणून दोन प्रिंट तंतोतंत जुळवून एकावर एक लावा. फिल्म लावलेला बोर्ड ट्यूबलाइटखाली पडून राहत असेल तर पिवळ्या दिव्यात काम करा. बोर्ड काही सेकंद फेरिक क्लोराइडमध्ये (तांबे खाणारे द्रावण) बुडवून धुवा : उघडे तांबे लगेच निस्तेज गुलाबी होते, फिल्मचा अंश असलेली जागा चमकतच राहते. तेवढी पुन्हा सोड्यात मऊ ब्रशने घासा.