आंबट बियर: वाचकांचे प्रश्न

ताज्या सुरेचं (माडाच्या ताडीचं) विरजण घालून 10 लिटर बियर लावली. तीन महिन्यांनी चाखली तर घसा खरवडतो. मित्र म्हणतात, आंबट बियर अशीच असते. खरं का? (डिचोली)

नाही. आंबटपणा दोन तऱ्हांचा असतो. लॅक्टिक ॲसिडचा आंबटपणा ताकाचा: जिभेवर बसतो, नाकाला फारसा कळत नाही. ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगर. ग्लास ओठाला लागायच्या आधीच ते नाकात शिरतं आणि मग घशाला लागतं. म्हणून आधी वास घ्या, मग घोट. आम्लता मोजणारं पीएच मीटर (आकडा जितका कमी, तितकं आंबट) इथे निवाडा करत नाही, कारण 3.3 हा आकडा दोन्हींत येऊ शकतो.

माडाच्या सुरेत यीस्ट आणि लॅक्टिक ॲसिड करणारे लॅक्टोबॅसिलस असतात, तसे व्हिनेगर करणारे ॲसेटोबॅक्टरही असतात. सकाळी उतरवलेली सूर संध्याकाळपर्यंत आंबते आणि पुढे तिचंच व्हिनेगर होतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पण ॲसेटोबॅक्टरला ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही तर ते नुसते पडून राहतात. तेव्हा चूक सुरेची नाही, हवेची आहे. हवा कुठून शिरली ते शोधा. प्लॅस्टिकची बादली हवा झिरपू देते. सुरुवातीचा जोर ओसरला की बियर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा आणि ते गळ्यापर्यंत भरा. 10 लिटर बियर 20 लिटरच्या भांड्यात तीन महिने ठेवली तर वरची अर्धी जागा हवेचीच. एप्रिल-मेमध्ये एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडून हवा आत न घेणाऱ्या झडपेतलं) पाणी भराभर आटतं, तेव्हा दर आठवड्याला बघा. आणि चव बघायला वरचेवर झाकण उघडू नका.

आता हातात आहे त्याचं काय? नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल तर ओतून टाका. नुसतं व्हिनेगर असेल आणि हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) कमी घातले असतील, तर भांड्याच्या तोंडाला फडकं बांधून पुरतं व्हिनेगर होऊ द्या. विंदालूला चालेल. हॉप्स जास्त असतील तर कडवटपणा व्हिनेगरमध्येही येईल, मग नको.

पुढच्या वेळी सूर थेट 10 लिटरमध्ये घालू नका. अर्धा लिटर वॉर्ट (बियर आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) उकळून गार करा, लॅक्टिक ॲसिडने पीएच 4.5 च्या जरा खाली आणा आणि त्यात दोन चमचे सकाळची सूर घालून एअरलॉकखाली ठेवा. सुरुवातीला नको ते जंतूही वाढू पाहतात, पीएच 4.5 च्या खाली असेल तर त्यांना बळ येत नाही. पीएच 4 च्या खाली जाऊन फेस शांत होईपर्यंत चव घेऊ नका. वर बुरशी दिसली तर सगळं फेका, नुसती साय काढून भागत नाही.

घोट गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या बिळासारखी चव येते. बायकोला येते, मला येत नाही. (म्हापसा)

दोघंही बरोबर आहात. हा टेट्राहायड्रोपायरिडिन नावाच्या द्रव्यांचा दोष. आंबट बियरमध्ये ती दडून राहतात, वासाला येत नाहीत. तोंडात लाळेने आम्लता उतरली की 10-20 सेकंदांनी उमटतात. ती जाणवणं माणसामाणसावर असतं, म्हणून चाखायला नेहमी दोघं-तिघं हवेत. खात्री करायची तर थोड्या बियरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून वास घ्या.

बाटलीत भरताना हवा मिसळली की हा दोष बळावतो, म्हणून भरताना नळी थेट तळाशी न्या, वरून ओतू नका. बाटल्या फ्रिजमध्ये न ठेवता तीन-चार महिने बाहेर ठेवा. ब्रेटॅनोमायसेस (सावकाश काम करणारं रानटी यीस्ट) शिल्लक असेल तर बहुतेक वेळा हा दोष ओसरतो. तोवर कुणाला भेट देऊ नका.

हायड्रोमीटर 1.010 दाखवतो. बाटल्यांत भरून मडगावला मित्राकडे नेऊ का? (फोंडा)

नको. हायड्रोमीटर बियरची घनता सांगतो, साखर खाल्ली गेली की आकडा उतरतो. ब्रेटॅनोमायसेस साधं यीस्ट सोडून देतं ती साखरही सावकाश खात राहतं. 1.010 वरून ते 1.002 पर्यंत आलं तर प्रत्येक लिटरमागे सुमारे चार लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, शिवाय तुम्ही घातलेल्या साखरेचा वेगळा. साधी बियरची बाटली एवढा दाब झेलत नाही. फुटलेली काच डोळ्यात जाते.

महिन्याच्या अंतराने तीनदा तोच आकडा आला तरच भरा. नमुना हलवून त्यातला वायू आधी काढा. हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेला असेल तर आपल्याकडच्या 30 अंशांत तो सुमारे 0.0025 ने कमी दाखवतो, तेवढं मिळवा. मग बाटलीत फेस यायला लिटरला 7 ग्रॅम साखर पुरे. नेताना बाटल्या उभ्या, क्रेटमध्ये, फडक्यात गुंडाळून. उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका.

पाच प्रकार आहेत, आठ माणसं येणार. चव घ्यायची बैठक कशी ठेवावी? (पेडणे)

प्रत्येकी 60 मिली पुरे, म्हणजे एका प्रकाराला 480 मिली. 650 मिलीची एक बाटली भागते आणि गाळ तळाशी राहतो. बाटल्या दोन दिवस उभ्या ठेवा, 10 अंशांच्या आसपास गार करा, बेसिनवर उघडा आणि एका दमात जगमध्ये ओता. पुन्हा पुन्हा तिरकी केली की गाळ वर येतो. कमी आंबटापासून जास्त आंबटाकडे जा, फळ घातलेली शेवटी. सोबत साधा पाव आणि काकडी. चोरिस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) नंतर! मसाल्यानंतर जिभेला काही कळत नाही. अगरबत्तीही विझवा.

कुठली बाटली कशाची ते आधी सांगू नका. प्रत्येकाने आधी लिहावं, मग बोलावं. नाहीतर पहिला जे म्हणेल तेच सगळ्यांना लागतं. परतीला गाडी चालवणाऱ्याने थुंकायला वेगळा पेला घ्यावा.

घरी बनवायला परवाना लागतो का? (वाळपई)

गोव्यात मद्यनिर्मिती अबकारी कायद्याखाली येते. भांडं चुलीवर चढवायच्या आधी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारा. विकणं तर सोडाच, आणि कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्यांना चवीपुरतीही देऊ नका.

भिरंडाची (कोकमाची) सोलं घालता येतील का? (काणकोण)

येतील, पण बिनमिठाची घ्या. 100 मिली बियरमध्ये एक ग्रॅम सोलं टाकून दोन दिवस झाकून ठेवा, चाखा, मग मोठ्या भांड्याचं प्रमाण ठरवा. सोलं स्वतःच आंबट असतात, म्हणून पीएच आधीच 3.3 असलेल्या बियरला ती नकोतच.