तिसरी शिट्टी आणि दानीएलची खिडकी

टोरंटोहून एका लेकीचं पत्र आलंय. मूळची खानापूरची, शिक्षण बेळगावात. लिहिते: "मावशी, इथं येऊन सहा वर्षं झाली, पण विश्वासात वाढ म्हणून काही जाणवेना. प्रार्थना संकटात तेवढी आठवते. उपासना मात्र चुकवत नाही, बेळगावच्या चर्चची मोबाइलवर बघतो. मुलगी मराठी बोलत नाही, हे पार्ट्यांतून घेऊन येतात, त्यात उन्हाळ्यात सासूबाई येणार."

"उपासना चुकवत नाही" इथंच मी अडले बघ. बेळगावात रविवारी सकाळी नऊची उपासना म्हणजे हिवाळ्यात तुझ्याकडं शनिवारची रात्र, साडेदहा. म्हणजे पांघरुणात की गं! एक कान गाण्याकडं आणि अंगठा व्हॉट्सअॅपवर. रागावू नकोस, मीही त्यातलीच. मस्कतला होते तेव्हा भावानं पाठवलेल्या उपदेशाच्या कॅसेटी भांडी घासताना ऐकायची आणि स्वतःला मोठी भक्तीण समजायची.

बायबलात इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, आणि कित्येकांची तशी चालच आहे असा टोलाही हाणलाय. म्हणजे दांडी मारायची सवय पहिल्या शतकापासूनची! उलट लूकच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात प्रभू येशू शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात गेला तो आपल्या परिपाठाप्रमाणे. त्याला परिपाठ लागला, आणि आपल्याला मूड लागतो.

बायबलातला दानीएल तर आपल्यातलाच, पोरवयात यरुशलेमेहून परमुलखात नेलेला. ३० दिवस राजाखेरीज कुणाकडं, देवाकडंही, काही मागायचं नाही, नाहीतर सिंहांच्या गुहेत टाकू असा हुकूम निघाला. महिनाभर खिडकी लावून घेतली असती तर सिंहांची गाठ पडली नसती. पण यरुशलेमेकडची खिडकी उघडी ठेवून तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला, पूर्वी करायचा तसाच. ते धैर्य त्या दिवशी कुठून उसनं आणलं नव्हतं, म्हातारपणापर्यंत मुरलेली सवय होती ती.

आमचे अप्पा कॅम्पातल्या घरात दिवेलागणीला सगळ्यांना बसवायचे. करंट गेला तरी अंधारात स्तोत्र पाठ म्हणायचं. मस्कतला माझं ते सुटलं ते सुटलंच. शेवटी कुकरला बांधलं: तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद आणि पाच मिनिटं प्रार्थना. माझा मुलगा आता चाळिशीचा आहे, शिट्टी ऐकली की अजून बोलता बोलता थांबतो. सून हसते.

आता लगेच पहाटे चारचा गजर लावू नकोस, आठवड्यात मोडेल. रोज होतच असलेल्या कशाला तरी प्रार्थना बांध, चहाचं आधण चालेल. फोन दुसऱ्या खोलीत. आणि रविवारी जवळच्या चर्चमध्ये जा, इंग्रजी का असेना. चार जणांनी "गेल्या रविवारी दिसला नाहीत" म्हणून विचारलं पाहिजे, मोबाइल ते विचारत नाही.

वाढ सवयीनं येते असं मी म्हणत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायातला माणूस बी टाकून झोपतो, उठतो. ते कसं वाढतं त्याला कळत नाही. पण सवय म्हणजे बांध, आणि खानापूरच्या मुलीला बांधाचं काय सांगायचं? बांधाला भात लागत नाही, पण बांध फुटला की वाफ्यात पाणी राहतं का?

बाकीचं थोडक्यात. नवऱ्याशी पार्टीहून आल्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी दुपारी बोल. मुलीशी तू मराठीत बोल, उत्तर कुठल्याही भाषेत येऊ दे. आणि सासूबाई येतायत ते बरंच आहे की! कुंदा आणायला सांग, आणि प्रार्थनेला त्यांनाच पुढं बसव.